कासव उघडे पडले त्या दिवसाची हकीकत

॥ श्री ॥ दर्यास वंदन, आणि दर्याच्या पोटी राहूनही गोड राहिले त्या पाण्यास त्याहून अधिक वंदन. शालिवाहन शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, वैशाख शुद्ध त्रयोदशीचे दिवशी बेटराज्यात जे वर्तले, ते जैसे पाहिले तैसे लिहिले आहे. लिहिणार दरबारचा जुना चाकर. नाव सांगण्याजोगे नाही. जिभेने थोडा तिखट आहे ऐसी घरच्या मंडळींची तक्रार आहे, परंतु खोटे लिहीत नाही आणि पोटभर जेवल्याखेरीज लिहावयास बसत नाही, सबब वाचणारांनी निर्धास्त असावे.

तरी आधी राज्याचा विस्तार सांगतो, तो एका दमात सांगून होतो. पूर्वेस पैलकिनारा, मचव्याने अर्ध्या प्रहराची वाट. बाकी तिन्ही दिशांस दर्या. बेटावर माडांच्या चार वाड्या, एक देऊळ, एक धक्का, महाराजांचा कौलारू राजवाडा, ज्याच्या ओटीवर महाराज स्वतः सुपारी कातरीत बसतात, आणि मधोमध पायऱ्यांची एक विहीर. साऱ्या बेटात गोडे पाणी काय ते तितकेच. दुधावर साय बसावी तैसे ते पाणी खाऱ्या पाण्याचे डोईवर बसलेले असते. हळू काढावे तो गोड लागते, ओढून काढावे तो खालचे खारे वर येते. हे गुपित बेटावरील पोरासोरासही ठाऊक होते, आणि तरीही सारे विसरले, ते कैसे विसरले हे आता सांगतो.

पूर्वी कोणे एके साली एक पाहुणा आला, त्याने आमच्या पुळणीचे चित्र काढून मुलुखभर धाडिले, आणि मग दहा आले, आणि मग शंभर आले, आणि मग मचव्यांची रांग धक्क्यापासून क्षितिजापर्यंत लागू लागली. रयत हरखली. ज्याचे घरी एक माजघर होते त्याने तीन खोल्या काढिल्या, ज्याचे तीन होत्या त्याने माडी चढविली, आणि मग एकाने पाहुण्यांस डुंबावयास अंगणात हौद बांधिला. चहूकडे दर्या असता हौद कशास, ऐसे त्यास कोणी विचारिले नाही, उलट दुसऱ्या महिन्यात आणखी सात हौद जाहले. पाहुणेखात्याचे अमात्य राजश्री विसाजीपंत यांनी विहिरीवर पंप बसविला आणि त्याची पूजा करून पेढे वाटले. पेढे आम्हीही खाल्ले, खोटे कशास बोलावे. मग दोन वर्षांत डाळ शिजेनाशी जाहली, चहा फाटू लागला, आणि पाहुणे म्हणो लागले की बेट सुंदर आहे परंतु आंघोळ करून अंग चिकट लागते.

त्या विहिरीची राखण पिढीजात पाणकरांकडे. त्या समयी राखणीस द्वारकाबाई पाणकरीण होती. वय पंचेचाळीसाचे आसपास, अंगाने काटक, नजर ऐसी की तिजपुढे अमात्यही शेंडीवरून हात फिरवून घेत. तिचा नवरा भिवा, हा सज्जन परंतु दिवसास दोन-तीन शब्दांहून अधिक खर्च न करणारा; धक्क्यावरील निशाणाची दोरी त्याचे हाती असे. द्वारकाबाईची रीत ऐसी की दर सोमवारी विहिरीचे पाण्यात मूठभर तुरीची डाळ शिजवावयाची आणि ती किती वेळात मऊ होते ते पाहावयाचे. पाणी गोड तर डाळ लवकर शिजे, पाणी बिघडले तर डाळ दाताखाली कटकट वाजे. ती वाटी घेऊन ती दरबारात जाई आणि अमात्यांपुढे ठेवी, आणि अमात्य म्हणत, "बाई, डाळ बदलून पाहा." तिने तीन दुकानांची डाळ पाहिली. डाळीचा दोष नव्हता.

मग शार्वरीनाम संवत्सरी महामारी आली. पैलकिनारा बंद, मचवे बंद, धक्क्यावर कावळे. ते वर्ष आणि पुढील प्लवनाम वर्ष, ऐसी दोन वर्षे एक पाहुणा फिरकला नाही. रयतेने बहुत सोसले. हौदात पावसाचे पाणी साचून बेडूक जाहले, आणि एका यात्रीमहालात कोंबड्या थेट मंचकावर अंडी घालो लागल्या. लोक पुन्हा जाळी विणू लागले, परसात भाजी लावू लागले, पंपास गंज चढला. आणि प्लव संवत्सराचे मार्गशीर्षात एका सोमवारी द्वारकाबाईने डाळ चुलीवर ठेविली, आणि ती अंगण झाडून येते तो डाळ उतास जाऊन मेणासारखी मऊ जाहलेली. ती तैसीच पातेली घेऊन, पदराने धरून, वाड्याकडे धावली.

वाड्यात त्याच दिवशी मसलत भरली होती. महामारी ओसरली, आता राज्य सावरावे कैसे, याची. अमात्यांनी दूरदेशींचे पंडित आणविले होते, त्यांनी चारशे पृष्ठांचा आराखडा लिहिला होता, आणि त्यात रंगीत डोंगर काढून ऐसे दाखविले होते की पूर्वीच्या दुप्पट पाहुणे आणिले असता दोन वर्षांची भूक भरून निघेल. महाराज कंटाळून सुपारी कातरीत होते. द्वारकाबाईने पातेली त्यांचे पुढे ठेविली. महाराजांनी बोटाने डाळ चाखिली, मग पळी मागविली, मग भात मागविला, आणि मसलत जेवणाखातर तहकूब जाहली. जेवून महाराज पुसते जाहले, "द्वारके, मग पाहुणे किती आणावेत? तू सांग."

ती बोलिली, "मी कोण सांगणार, म्हाराज? कासव सांगतला."

हे कासव म्हणजे काय ते सांगतो. विहिरीस अकरा पायऱ्या, तळाकडून पाचव्या पायरीवर कोणा जुन्या पाथरवटाने कासव कोरिले आहे. वाडवडील म्हणत की कासव बुडालेले आहे तोवर पाणी उचलावे, कासव उघडे पडले की हात आखडावा. पंप आल्यापासून ते कासव बारमाही उन्हात पडे आणि त्यावर पोरे कपडे वाळवीत. आता महाराजांनी पंप काढविला, हौद बुजवून त्यांत केळी लावविल्या, पाहुणे आळीपाळीने चार वाड्यांनी घ्यावेत आणि माणशी दोन घागरी पाण्यात भागवावे ऐसे ठरविले. आणि हुकूम लिहविला की कासव पाण्याखाली आहे तोवर धक्क्यावर निशाण चढते राहावे आणि पाहुण्यांनी यावे. कासव उघडे पडले की निशाण उतरावे, आणि ते पुन्हा चढेतो कोणाही पाहुण्याचा पाय बेटास लागू नये. कोण पाहुणा, कशासाठी आला, हे पुसू नये. हुकूम आम्हीच लिहिला. अक्षर उत्तम आले.

पहिले वर्ष सुखाचे गेले. पाहुणे थोडे येत, परंतु चार दिवस राहात, जाळे ओढावयास लागत, आणि जाताना रयतेची नावे घेऊन निरोप घेत. निशाण दोनदा उतरले, दोनदा चढले. अमात्यही निवळले. घरोघर पोटापुरते मिळू लागले आणि डाळ शिजू लागली, यापरते राज्यास काय पाहिजे? आम्ही वजनाने वाढलो.

आता मुख्य कथा. द्वारकाबाई आणि भिवा यांची एकुलती कन्या चंपावती, तिची सोयरीक पैलकिनाऱ्यावरील लक्ष्मण सारंग यांचे चिरंजीव जयवंत यांसी जुळली. सारंग मातबर, तीन मचव्यांचे धनी, मानाचे पक्के. त्यांची पत्नी सगुणाबाई, आवाज ऐसा की वादळात शीड उतरवा म्हणाली तर दुसऱ्या मचव्यावरचेही उतरवीत. मुहूर्त वैशाख शुद्ध त्रयोदशी, दुपारचा. वऱ्हाड दीडशे माणूस. द्वारकाबाई चैत्रापासून पाणी राखो लागली. स्वतःचे घरी एका घागरीत भागवी. अष्टमीस कासवावर चार बोटे पाणी होते, आणि तिचा हिशेब होता की लग्न निभावेल.

परंतु बेटाची रयत म्हणजे मायेची वेडी. द्वारकेच्या चंपीचे लग्न म्हणोन चारही वाड्यांनी अंगणे सारविली, ओट्या धुतल्या, रस्ते शिंपले, घरोघर चादरी धुऊन वऱ्हाडासाठी दोऱ्यांवर वाळत घातल्या, आणि प्रत्येकीस वाटले की आपण दोनच घागरी अधिक काढिल्या. त्रयोदशीस पहाट होऊन उजाडले तेव्हा द्वारकाबाई हळदीचे हातांनी विहिरीत उतरली. कासवाची पाठ कोरडी होती. पायरीचे काठापासून पाणी चार बोटे खाली.

ती तेथेच बसली. विहिरीत दुसरे कोणी नव्हते. पाणी शिंपडून पायरी ओली केली असती तर कोणास कळते? आमचे ऐसे आहे की आम्ही शिंपडले असते. ती उठली, घरी आली, भिवा मुंडावळ्यांचा दोरा ओवीत बसला होता त्यास म्हणाली, "निशाण उतरवा." भिवा म्हणाला, "आज?" ती म्हणाली, "आज." त्याने दोरा खाली ठेविला, धक्क्यावर गेला, आणि निशाण उतरविले. त्या दिवशीचे त्याचे शब्द तितक्यात संपले.

आता येथे वाचणारांनी हे ध्यानी घ्यावे की दर्याकाठचे लोकांत जिचे वऱ्हाड किनाऱ्यावरून माघारी फिरले, तिचे लग्न पुन्हा उभे राहणे कठीण. कोणी काही वाईट बोलत नाही, परंतु विचारावयासही कोणी येत नाही. चंपावती हे जाणून होती. ती हिरवा चुडा भरल्या हातांनी दारात आली आणि आईस म्हणाली, "आये, तुका माज्यापेक्षा ता कासव लाडका." द्वारकाबाई हळदीचे हात पदरास पुसून धक्क्याकडे निघाली. तिचे काळीज फाटत होते, हे आम्ही तिजकडूनच पुढे ऐकिले.

वार्ता वाड्यावर गेली. महाराज काठी टेकीत स्वतः धक्क्यावर आले, मागे अमात्य. महाराज मनाचे मऊ. म्हणाले, "द्वारके, हुकूम आमचा आहे, आम्हीच आजच्या दिवसापुरता मोकळा करितो. लग्नकार्य आहे, त्यास कोण बोल लावील?" आणि अमात्य विसाजीपंत पुढे सरून म्हणाले की सोयरिकीचा अपवाद ऐसे कलम आपण कालच्या तारखेने घालू, आणि लेखणी आहेच हाती. लेखणी आमचे हाती होती. आम्ही ती पुढे केलीही.

द्वारकाबाई हात जोडून बोलिली, "हुकूम तुमचो, म्हाराज, पण कासव देवाचा. आज माज्या चेडवासाठी निशाण चढला, तर फुडल्या सालाक अमात्यांच्या मेवण्यासाठी चढतला, आणि तेच्या फुडल्या सालाक कोणाक ईचारूचीच गरज रवाची नाय. मगे परत डाळ शिजाची नाय." महाराजांनी हुकूम तैसाच ठेविला. अमात्य मागे सरले, कारण त्यांचे मेहुणे खरोखरच पुढील साली येणार होते.

तितक्यात दर्यावर सनई वाजली. तीन मचवे पताका लावून भरतीच्या पाण्यावर डौलाने येत होते, आणि धक्क्याजवळ येऊन पाहतात तो निशाण खाली. हुकूम पैलकिनाऱ्यासही ठाऊक होता. सनई मधेच तुटली. लक्ष्मण सारंग पुढील मचव्याचे नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभे राहून गर्जले, "दीडशे माणसां घेवन इलंव, आणि ही बाय आमका दारातसून परत धाडता?" आणि मग म्हणाले की दोन घटकांत निशाण चढले नाही तर मचवे फिरले समजा. वर जयवंत बाशिंग बांधून बसला होता, तो उठून काही बोलू गेला, त्यास चौघांनी पुन्हा बसविले.

इकडे आणखी एक प्रकार घडला, आणि तैसा प्रकार आमचेच बेटावर घडू शकतो. शेजारची रखमाकाकी घरोघर फिरली आणि म्हणाली, कासव झाकले म्हणजे जाहले ना? मग झाकूया. आणि चारही वाड्यांतील बायकांनी स्वयंपाकाचे, पिण्याचे, सकाळी भरून ठेविलेले सारे पाणी, हंडे, कळश्या, घागरी, एकीने तर देवापुढचा तांब्यासुद्धा, डोईवर घेऊन विहिरीत नेऊन ओतले. कोणी एक घागर मागे ठेविली नाही. ऐंशी घागरी पाणी पडले, कासव बुडाले, आणि साऱ्या जणी ओल्या पदरांनी धावत धक्क्यावर आल्या आणि ओरडल्या, "द्वारकावयनी, कासव झाकला! चढव निशाण!"

द्वारकाबाईने डोके धरिले. म्हणाली, "अगो बायांनो, तेच्यातलाच पाणी तेच्यात ओतून ता वाढता काय गो? सकाळी काढलास, आता परत केलास. जाता ता खाली जिरान." आणि तैसेच जाहले. एवढे पाणी वरून पडल्याने तळचा गाळ मात्र उसळला, आणि विहीर गढूळ होऊन बसली. म्हणजे आता कासव पुन्हा उघडे पडणार ते पडणारच, घरोघरचे हंडे कोरडे, आणि विहिरीतून संध्याकाळपर्यंत घोटभर काढण्याची सोय नाही. बायका एकमेकींचे तोंडाकडे पाहो लागल्या. रखमाकाकी रडो लागली. तिला पाहून द्वारकाबाई रडता रडता हसो लागली, आणि तिने रखमाकाकीस पोटाशी धरिले.

मग द्वारकाबाईने होडी काढिली. भिवाने वल्हे घेतले. कोणी बेटावर येऊ नये ऐसा हुकूम होता, कोणी बेटावरून जाऊ नये ऐसा नव्हता. होडी मचव्याखाली लागली, तिने वर पाहून हात जोडिले आणि म्हणाली, "सारंगानू, दोष माजो आसा, चेडवाचो नाय. शिव्या माका घाला." सारंग तोंड फिरवून उभे राहिले. तेव्हा सगुणाबाई कठड्याशी आली. तिने खाली वाकून विचारिले, "किती बोटां उघडा पडला?"

"चार."

"मगे निशाण उतरूकच व्हया होता," सगुणाबाई म्हणाली, परंतु आवाज कडक होता. "पण येक सांग. आज तुमची माणसां काय पितली?"

द्वारकाबाईस खोटे बोलता येत नव्हते. ती म्हणाली, "काय पितली? गावातल्या बायलांनी घराघरातला सगळा पाणी बावीत ओतल्यानी. कासव झाकूक. तुमचे मचवे धक्क्याक लागूचे म्हणान. आता गावात थेंब नाय."

सगुणाबाई आणखी खाली वाकली. "सगळ्यांनी?"

"देवाचो तांब्यो सुद्धा."

मग सगुणाबाई हसली. ती ऐसी हसली की मचवा हलला आणि दुसऱ्या मचव्यावरचे लोक काय जाहले म्हणोन उठून उभे राहिले. हसता हसता तिने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळून बोलिली, "ऐकलास? तुमच्या सुनेसाठी आख्ख्या गावान हंडे रिकामे केल्यानी, आणि तुमी हय मानपान धरून बसलास! असली माणसां परत खंय गावतली? वायच गप रवा तुमी." सारंग गप्प राहिले. तीस वर्षांचे संसारात केव्हा गप्प राहावे हे ते शिकले होते. मग सगुणाबाईने दर्यावर नजर टाकून म्हटले की पाहुण्याचा पाय बेटास लागू नये इतकाच हुकूम ना? मग भरती उतरू दे. दांडा कोणाच्या बापाचा नाही.

हा दांडा म्हणजे बेटाचे उत्तर टोकापुढे ओहोटीस उघडी पडणारी वाळूची लांबच लांब पट्टी. भरतीस बुडते, ओहोटीस निघते, आणि तिचे शेपूट बेटाचे पुळणीस जेमतेम टेकते. कोणा राजाने त्यावर हक्क सांगितला नाही. वेदमूर्ती बाळंभटांस विचारिले, ते म्हणाले दुपारचा मुहूर्त तर गेला, परंतु गोरज मुहूर्त उत्तम आहे, मात्र दर्या त्यानंतर फार थांबावयाचा नाही, तरी मंगलाष्टके कोणी लांबवू नयेत.

मग ऐसे लग्न लागले की आम्ही पूर्वी पाहिले नव्हते. दुपार कलताच दांडा उघडा पडला. मचवे नांगर टाकून राहिले, वऱ्हाड गुडघाभर पाण्यातून उतरले. शिडांचे मांडव आणि वल्ह्यांचे खांब जाहले. बेटावरून रयत सकाळीच करून ठेविलेले वडे, काळ्या वाटाण्यांचे पातेले, चटया आणि महाराजांची खुर्ची घेऊन आली. आणि मग मचव्यांवरची पाण्याची पिंपे उतरविली. सगुणाबाई स्वतः तांब्या घेऊन उभी राहिली, आणि वरपक्षाने वधूपक्षास पाणी पाजिले. जेथे मुलीकडच्यांनी पाय धुवावयाचे आणि आग्रह करावयाचा, तेथे वरमाय पंगतीत फिरून विचारीत होती, "आणखी देव काय?" रखमाकाकीने चार तांबे प्याले. त्याच पाण्यात वाळूवर भात शिजला. आम्ही भात तीनदा घेतला, कारण तिखट जिभेसही कधी कधी गोड प्रसंग कळतो.

अमात्य विसाजीपंत हे सारे पाहत होते. निशाण खाली पाहून दूर आणखी दोन मचव्यांवर थांबलेले परके पाहुणे टाळ्या वाजवीत होते, चित्रे काढीत होते. अमात्यांचे डोळे चमकले आणि ते म्हणो लागले की ऐसे लग्न जर दर पंधरवड्यास दांड्यावर... इतक्यात द्वारकाबाईने त्यांजकडे पाहिले. अमात्यांनी वाक्य पुरे केले नाही आणि आणखी एक वडा मागितला.

सूर्य टेकला, अंतरपाट धरिला, मंगलाष्टके जाहली. शेवटच्या अष्टकास पाणी बाळंभटांचे घोट्यास लागले आणि त्यांनी ते ऐसे झरझर म्हटले की सावधान आधी जाहले आणि अक्षता मागाहून पडल्या. लोक हसले, आणि लग्न लागले. भिवाने कन्यादान केले.

मग निघतेवेळी वधूने माहेरचे देवांस नमस्कार करावयाचा राहिला होता. घर दिसत होते, दांड्याचे शेपटापासून शंभर पावलांवर. चंपावती नवी साडी उचलून निघाली, पुळणीपर्यंत आली, आणि जेथे ओली वाळू संपून बेट सुरू होते तेथे थांबली. मागून सगुणाबाई म्हणाली, जा गो, कोण काय बोलाचा नाय. महाराजही म्हणाले, "जा मुली, तुझेच घर." ती वळली आणि आईस म्हणाली, "आये, मी आता पावणी. निशाण खाली आसा."

सकाळी जिने आईस बोल लाविला तीच हे बोलत होती, आणि रागाने बोलत नव्हती. द्वारकाबाई, जी सकाळपासून साऱ्यांपुढे ताठ उभी होती, ती वाळूत बसली आणि हुंदके देऊन रडली. आम्हास विचाराल तर ते दुःखाचे रडे नव्हते, केवळ सुखाचेही नव्हते. सगुणाबाई तिजशेजारी बसली, आणि विहिणी विहिणी एका पदरात नाक पुसत्या जाहल्या. तेव्हा भिवा उठला. कोणास काही न सांगता घरी गेला, आणि देव्हाऱ्यातले सारे देव ताम्हणात घालून, वर झेंडूचे फूल ठेवून, पुळणीवर घेऊन आला. देवांस निशाणाची अडचण नव्हती. चंपावतीने दांड्यावरूनच गुडघे टेकून नमस्कार केला, आणि मग मचव्यात चढली, आणि भरतीने दांडा झाकिला.

एणेप्रमाणे वर्तले. निशाण अकरा दिवस खाली राहिले आणि मग वळिवाने कासव बुडविले. पुढे हुकुमात एक कलम वाढले, ते महाराजांनी स्वतः सांगितले, की बेटावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने एक कळशी पाणी घेऊन यावे आणि उतरताच यजमानास पाजावे, मग आपण प्यावे. पंडितांचे चारशे पृष्ठांत हे नव्हते. पाहुणे ते आवडीने करितात, आणि पाणी देऊन आलेला माणूस पाणी सांडीत नाही, हे अमात्यांनीही मान्य केले. राज्य सावरले. फार श्रीमंत जाहले नाही, सुखी जाहले.

आश्विनात चंपावती पहिल्या माहेरपणास आली. निशाण चढते होते. मचव्यातून उतरली ती कमरेवर सासरची कळशी घेऊन, रिवाजाप्रमाणे. आईने ओंजळ पुढे केली, घोट घेतला, जिभेवर घोळविला, जैसे ती सारी हयात पाणी पारखीत आली तैसे. सारे धक्क्यावर थांबले. लेक म्हणाली, "काय गो?" द्वारकाबाई म्हणाली, "आमच्याची सर नाय," आणि दुसऱ्यांदा ओंजळ पुढे केली, आणि कळशी रिकामी होईतो प्याली.

इति हकीकत. लिहिणाराची डाळ चुलीवर आहे, शिजली असेल. लेखनसीमा.